सव्वा महिना बाळंतिणीचा, गुडघ्याचा नव्हे

अमळनेरच्या मावशीने परवा एक फॉरवर्ड पाठवला. 'गुडघा बदलून सव्वा महिना झाला तरी दुखतोय? ऑपरेशन फसलं समजा. आखडला तर गरम तेल चोळून घरच्यांनी दाबून वाकवावा. खाली उशी ठेवून आराम द्यावा.' जळगाव-धुळ्याच्या निम्म्या नातेवाइकांकडे तो आधीच पोचलाय. आईच्या गुडघ्याला सात महिने झालेत, म्हणून लिहितो.

हाड कापून धातू-प्लास्टिकचा सांधा बसवल्यावर सूज, ऊब, सकाळचा ताठरपणा तीन ते सहा महिने राहतो, काहींना वर्षभरही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला चामडी बधिर लागते. चालताना टकटक वाजतं. आईने त्याचाच धसका घेतला होता. ऑपरेशन फसल्याची ही लक्षणं नव्हेत. दुखणं महिन्यागणिक उतरतंय ना, एवढं बघायचं. पण सगळ्यांचं उतरतंच, असंही नाही. दहातल्या एक-दोघांचं एक्स-रे चांगला असूनही रेंगाळतं. कधी ते कमरेतून नाहीतर खुब्यातून आलेलं निघतं.

दाबून वाकवण्याचं वाचून मात्र डोकंच फिरलं. सांधा आखडतो तो बहुतेकदा आत व्रणाच्या चिवट पेशी वाढल्याने, आणि तेल तिथवर पोचत नाही. दांडगाईने सूज वाढते, सुजलेला गुडघा आणखीच कमी वाकतो. खुर्चीतून नीट उठायला 90 अंशांच्या पुढे वाकावा लागतो. व्यायाम करूनही तेवढा येत नसेल तर सर्जन भूल देऊन वाकवतात, आणि ते पहिल्या तीनेक महिन्यांत केलेलं बरं. तेल चोळण्यात नेमके तेच दिवस जातात.

उशीची चूक आमच्याही घरी झाली. बाज मधोमध खोलगट, त्यात गुडघ्याखाली उशी. पंधरा दिवसांनी पलंगावर पाय लांब केला तर गुडघा सरळच होईना, खालून माझा हात आरपार! फिजिओथेरपिस्टने उशी काढायला लावली आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली. दिवसातून चारदा दहा-दहा मिनिटं, 'माय वं' चालूच. हात अडकायला दीड महिना लागला.

खरी धोक्याची खूण फॉरवर्डमध्ये नाहीच. उतरलेलं दुखणं एकदम चढलं, रात्री पडल्या पडल्या ठणका लागला, ताप, वाढती लाली, टाक्यांतून पाणी, असं काही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. तोवर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. मग सांध्यातलं पाणी तपासलं तरी जंतू सापडायची खात्री राहत नाही.