चार आण्याची कोंबडी निदान खाता तरी येते

आज परत डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा लागला. नळ स्टॉपच्या सिग्नलला, ऑफिसं सुटायच्या वेळेला, मागे पीएमपीची बस हॉर्नवर हात ठेवून उभी असताना. एकदा ‘टिंग’ झालं आणि तीनशे हॉर्सपॉवरची माझी गाडी लिम्प मोडमध्ये गेली. म्हणजे इंजिन स्वतःचा जीव वाचवायला ताकद काढून घेतं, आणि तुम्ही पाय तळाला टेकवलात तरी गाडी वरातीतल्या घोड्यासारखी चालते. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “साहेब, गॅस संपला का?”

काय सांगू त्याला? की बाबा रे, गेल्या तीन वर्षांत या गाडीत जेवढे घातलेत, तेवढ्यात तुझ्यासारख्या दोन-तीन रिक्षा आल्या असत्या?

२०२२ च्या जुलैत घेतली. २०१३ चं मॉडेल, जर्मन, दोन दरवाजे, सहा सिलिंडर, टर्बो, पेट्रोल. नवी असताना ऐंशी लाखांच्या घरात जाणारी गाडी मला एकोणीस लाखांत मिळाली. जो तो म्हणाला, लॉटरी लागली लेका! एकाही शहाण्याने सांगितलं नाही की किंमत फक्त गाडीची उतरते, पार्टची नाही. गाडी एकोणीस लाखांची झाली असेल, तिचा वॉटर पंप अजून ऐंशी लाखांच्याच गाडीचा आहे. उलट तो दरवर्षी महाग होतो, कारण तो जर्मनीहून येतो, आणि येताना युरोचा भाव, आयात शुल्क आणि जीएसटी असे तिघे त्याच्या खांद्यावर बसून येतात.

पहिलं बिल आलं ते एका प्लॅस्टिकच्या नळीचं. लांबी माझ्या करंगळीएवढी. इंजिनाच्या दोन भागांतून कूलंट नेणारी. इंजिनाच्या उष्णतेत नऊ-दहा वर्षं राहून ती अशी झाली होती की मेकॅनिकने माझ्यासमोर चिमटीत धरली आणि ती खारीसारखी चुरली. अक्षरशः चहात बुडवायची खारी. हातावर काळा भुगा. म्हटलं, एवढंच ना? तो म्हणाला, “नळी अडीच हजाराची आहे साहेब. पण तिथपर्यंत जायला वरचं सगळं उतरवावं लागतं.” मग उतरवलंच आहे तर थर्मोस्टॅट बदला. थर्मोस्टॅट बदलताय तर पंपही बदला, तो इलेक्ट्रिक आहे, न सांगता जातो. तेवढ्यात व्हॉल्व्ह कव्हरच्या गास्केटमधून ऑइल गळताना दिसलं. अडीच हजारांची नळी एक लाख अठरा हजारांना पडली. आणि यात चोरी कुणाचीच नाही हो! तो माणूस खरंच बोलत होता. त्याचाच जास्त राग येतो.

मग व्हॉल्व्हवरची काजळी. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्यामुळे आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हना पेट्रोलचं तोंडसुद्धा दिसत नाही. ते धुतलेच जात नाहीत आणि त्यांच्यावर तव्यासारखा काळा थर बसतो. तो काढायचा कसा? अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून. थट्टा नाही, हीच पद्धत आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “आम्ही इथे दोन अक्रोड भिजवून अर्धा-अर्धा खातो, आणि तुझ्या गाडीला रे?”

बॅटरी हा स्वतंत्र छळ. गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी झोपते, कारण आतले कॉम्प्युटर झोपत नाहीत. नवी बॅटरी एकतीस हजार. बरं, बसवली आणि निघालो असं नाही. ती नवी आहे हे लॅपटॉप जोडून गाडीला सांगावं लागतं! नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. बायकोच्या अल्टोची बॅटरी कोपऱ्यावरचा पोरगा दहा मिनिटांत बदलून जातो, आणि इथे बॅटरीची गाडीशी ओळख करून द्यायला माणूस बोलवायचा, चार हजार देऊन. शेवटी चार्जर लावून ठेवायला लागलो पार्किंगमध्ये. तर सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस: कॉमन मीटरवरून खासगी वाहनास वीज घेता येणार नाही. पुढच्या मीटिंगला विषय क्रमांक तीन मी होतो. पाण्याच्या टाकीच्या गळतीच्या आधी.

आणि पावसाळा. गाडी उभी, म्हणून बॉनेटखाली उंदीर. वायरिंग खाल्लं. आता या जर्मन इंजिनिअरिंगच्या नमुन्यात मी तंबाखूच्या पुड्या बांधून ठेवल्यात, वॉचमनच्या सल्ल्याने. तेवढा एकच उपाय आजवर फुकटात लागू पडला.

इन्शुरन्सचं विचारूच नका. दहा वर्षांच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारी पॉलिसी, कोण देतंय? साध्या पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकच्या पार्टवर निम्मी कात्री. बंपर कशाचा? प्लॅस्टिकचा! आणि बंपरच तर रोज मरतो. गतिरोधक नियमाने दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर उताराचा हवा. आमच्या गल्लीतला नगरसेवकाच्या मर्जीने रात्रीतून उगवलेला आहे. त्यावरून मी गाडी तिरपी करून, एकेक चाक उचलल्यासारखी नेतो आणि तरी खालून ‘खर्रर्र’ येतंच. मागे शाळेची व्हॅन, व्हॅनमधली पोरं खिडकीत येऊन खिदळतात.

टायर रनफ्लॅट. पंक्चर झाला तरी थोडं अंतर पळतो, म्हणून कंपनीने स्टेपनीच दिलेली नाही. छान. पण खंबाटकीच्या अलीकडच्या खड्ड्यात टायरच्या बाजूला फुगा आला की काय पळणार? बाजू फुगली की टायर बाद. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद, म्हणजे मागचे पुढे लावून दिवस ढकलायचीही सोय नाही. एक टायर चौतीस हजार. नाना पेठेत विचारलं, माणसाने साइझ ऐकून चहा मागवला, माझ्यासाठी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना मिळाला, पण त्याच्यावरची तो बनल्याची तारीख वाचली आणि तिथेच ठेवून आलो.

पेट्रोल? मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, दहा टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नको. पंपावर मिळतं वीस टक्क्यांचं. शंभर ऑक्टेनचं, म्हणजे भारीतलं पेट्रोल भरायचं तर साध्याच्या दीडपट भाव. शहरात लिटरला सहा किलोमीटर.

आणि हे सगळं कशासाठी? स्पीडोमीटरवर आकडे २८० पर्यंत आहेत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभर, घाटात साठ, आणि कमानीकमानीवर कॅमेरे. मागच्या दिवाळीत एकदाच, उर्सेच्या पुढे, पहाटे, रस्ता मोकळा दिसला म्हणून पाय दाबला. सहा सिलिंडरचा तो आवाज छातीत उतरला, मोजून अकरा सेकंद. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. घरी पोचायच्या आत दोन हजारांचं चलान मोबाइलवर.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. अहो, पण ती कोंबडी निदान खाता तरी येते! माझी महिन्यातले वीस दिवस गॅरेजमध्ये बसून मसाला खाते. आता गिअरबॉक्स दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना धक्का देतोय. मेकॅनिक तोंडाने काही बोलत नाही, फक्त “अजून थोडी चालवून बघू” म्हणतो. हे तो ज्या आवाजात म्हणतो ना, त्या आवाजात आमचे फॅमिली डॉक्टर आजोबांबद्दल बोलायचे. साडेतीन लाख, असा अंदाज आहे.

म्हणून परवा गेलो विकायला. ज्याच्याकडून घेतली त्याच डीलरकडे. तेव्हा याच माणसाने मला काचेच्या केबिनमध्ये बसवून कॉफी पाजली होती. “सर, जर्मन मशीन आहे, फक्त ऑइल बदलायचं आणि पळवायची.” परवा त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, बोटाने बंपर खाजवला, आणि चेहरा पाडून म्हणाला, “सहा देतो सर. त्याच्या वर नाही जमणार. या गाड्यांना मेंटेनन्स फार असतो हो.”

कॉफी नाही विचारली.