तेवढे लेखी द्या

गाडी अचानक बंद पडणे मी समजू शकतो. पण आपण नेमक्या कधी बंद पडणार हे दोनशे मैल आधी कळवणारी गाडी माझ्या नशिबी न्यू जर्सीत आली. जानेवारीतल्या एका सकाळी तिच्या पडद्यावर अक्षरे उमटली, ‘२०० मैलांनंतर इंजिन सुरू होणार नाही’, आणि त्यानंतर दर मैलाला तो आकडा एकेकाने उतरू लागला.

गाडी डिझेलची आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये धुराच्या चाचणीपुरते शहाण्यासारखे वागणारे सॉफ्टवेअर असल्याचे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ च्या सप्टेंबरात जाहीर केले, तेव्हापासून डिझेलवाल्याकडे लोक जरा संशयानेच पाहतात. त्यामुळे माझी गाडी त्या कंपनीची नाही, हे मी सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा आधी सांगून टाकतो. माझ्या गाडीत धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी पाण्यात विरघळवलेल्या साडेबत्तीस टक्के युरियाची फवारणी होते, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये त्याचे नायट्रोजन आणि पाणी होते, आणि ही व्यवस्था बिघडली तर मालकाने काणाडोळा करू नये म्हणून गाडी स्वतःच उपोषणाची नोटीस देते.

करमाळ्याला अण्णांना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यांच्या कानात फक्त ‘युरिया’ शिरला.

“इथे कृषी सेवा केंद्रापुढे रांग लावून पंचेचाळीस किलोची एक गोणी हाती लागते, आणि तू गाडीला युरिया पाजतोस? आमचा ऊस तरी वाढतो. तुझ्या गाडीचं काय वाढतं?”

“खर्च,” मी म्हणालो.

डीलर आमच्या घरापासून अकरा मैलांवर. म्हणजे त्याच्याशी एकदा बोलायचे तर जाऊन-येऊन बावीस मैल खर्ची पडणार. हा हिशेब सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी फ्रिजवर लिहून लावला आणि गाडी नीट होईपर्यंत किराणा पायी आणावा लागेल, असे जाहीर केले.

पहिल्या फेरीत सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने तपासणीचे १८९ डॉलर घेतले, कन्व्हर्टर गेल्याचे सांगितले, ३,१०० डॉलरचा अंदाज हातात ठेवला आणि सांत्वनाला आलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला, “वॉरंटी तीन वर्षे किंवा छत्तीस हजार मैल. तुमची पाच वर्षे आणि एकसष्ट हजार मैल झाले.”

रात्री मी ग्लव्ह बॉक्स उपसला. केचपच्या पुड्या आणि गेल्या तीन उन्हाळ्यांच्या पार्किंग पावत्यांखाली वॉरंटीची पुस्तिका सापडली. तिच्या मागच्या पानांवर, जिथे माणूस सहसा पोहोचत नाही, तिथे स्वच्छ हवेच्या संघीय कायद्यानुसार मिळणारी वेगळी हमी छापलेली होती : उत्सर्जनाशी संबंधित भागांना साधारणपणे २ वर्षे किंवा २४,००० मैल, मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट यांना ८ वर्षे किंवा ८०,००० मैल. एवढा आनंद मला दहावीच्या निकालानेही झाला नव्हता.

दुसऱ्या फेरीत मी ते पान उघडून काउंटरवर ठेवले. अ‍ॅडव्हायझरने पान सोडून बाकी सगळीकडे पाहिले. ही हमी फक्त पेट्रोलच्या गाड्यांना असते, असे तो प्रथम म्हणाला. पानावर तसे काहीच नव्हते. मग गाडी तुम्ही जुनी विकत घेतली आहे, असे म्हणाला. पण ही हमी मालकामागून मालकाकडे जाते, हे दुसऱ्याच ओळीत लिहिलेले होते. मग तुम्ही ऑइल बाहेरून बदलता, हे निघाले. तेवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही, हे १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ठरवून ठेवले आहे. शेवटी, युरिया कोणता घातला म्हणून माझी उलटतपासणी झाली, तेव्हा मी खोक्यावरचा, या युरियाच्या दर्जाची ग्वाही देणारा आयएसओ २२२४१ हा शिक्का मोबाइलवर दाखवला. त्यावर तो हसून म्हणाला, “तरीही बसत नाही.” या ‘तरीही’ला मात्र कोणत्याच कायद्यात उत्तर सापडेना.

त्या रात्री अण्णांनी सूत्रे हाती घेतली. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झालेले आहेत. “तोंडी नाही म्हणतोय ना? मग ते लेखी माग. कारणासकट, खाली सही आणि तारीख.” गंमत म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थाही नाकारल्या गेलेल्या ग्राहकाला हाच सल्ला देते, फक्त अण्णांनी तो वॉशिंग्टनला न विचारता दिला.

तिसऱ्या फेरीला निघालो तेव्हा पडद्यावर एक्केचाळीस उरले होते. मी घरून कागद टाइप करून नेला होता : ‘या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांच्या हमीत बसत नाही, याचे कारण खालीलप्रमाणे’, पुढे चार रिकाम्या ओळी आणि सहीची जागा. कागदावर पेन ठेवून मी नम्रपणे म्हणालो, “तेवढे लेखी द्या, म्हणजे मी निघतो.”

त्याने पेन उचलले, टोपण काढले, लावले, पुन्हा काढले आणि ते जागेवर ठेवून, पूजेतली सुपारी चुकून हलावी तसे पुन्हा सरळ केले. मग तो मॅनेजरला बोलवायला गेला. मॅनेजर आला, कागद वाचला आणि कोणाला तरी फोन करायला आत गेला. मी चाळीस मिनिटे टीव्हीवर मासेमारी पाहिली.

बाहेर आला तो प्रसन्न मुद्रेने. “कंपनीनं खास तुमच्यासाठी, गुडविल म्हणून, एकदाच मंजूर केलं आहे.” माझ्या हक्काची वस्तू मला अहेर म्हणून मिळत होती, पण एक्केचाळीसचे तीस झालेले असल्यामुळे मी मानापमान बाजूला ठेवून गाडी तिथेच सोडली.

पार्ट यायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी बिल हातात आले. कन्व्हर्टर शून्य, मजुरी शून्य, आणि तपासणी १८९ डॉलर, पूर्वीच भरल्याची नोंद, परत काही नाही. दुरुस्ती या हमीत बसली की तपासणीचे पैसेही ग्राहकाकडून घेता येत नाहीत, हे तोवर मला पाठ झाले होते.

मी खिशातून पेन काढून काउंटरवर ठेवले. अ‍ॅडव्हायझर उठला आणि मॅनेजरला बोलवायला गेला.