काडी कोणाच्या हातात?

९ ऑगस्टचा आदिवासी दिन आला की 'आदिवासी हेच जंगलाचे खरे राखणदार' अशा पोस्टींचा पूर येतो. लाइक मीही करतो. पण याच राखणदाराने अभयारण्यात काडी ओढली तर तो गुन्हा ठरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३०.

कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगनाथ डोंगर आहेत. तिथले सोलिगा आदिवासी उन्हाळा तापायच्या आधीच रानातला पाचोळा पेटवून द्यायचे. 'तरगु बेंकी' म्हणतात याला. ही आग जमिनीलगत सरपटत जाते, मोठ्या झाडांना फारशी झळ लागत नाही. पाचोळा वेळीच जळून गेला की भर उन्हाळ्यातल्या वणव्याला खायला काही उरत नाही. गवत नव्याने फुटतं, घाणेरीची (लँटाना या माजणाऱ्या झुडपाची) रोपं कोवळी असतानाच करपतात. आवळ्यावरचं बांडगूळही त्यानेच आटोक्यात राहायचं, असं सोलिगा सांगतात.

१९७४ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि ही आग बंद पडली. पुढे घाणेरीने रान व्यापलं. आवळे उतरवताना सोलिगा बांडगूळ छाटायचे. विक्रीसाठी वनोपज गोळा करण्यावरच बंदी आली, तशी ती छाटणीही थांबली. जंगल वाचवायला आखलेले नियम, आणि निकाल हा!

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. कॅलिफोर्नियाने १८५० मध्येच मूळनिवासींच्या गवत जाळण्यावर कायद्याने बंदी घातली. तिथले आजचे वणवे आपण टीव्हीवर बघतो. ऑस्ट्रेलियात पश्चिम आर्नहेम लँडमध्ये उलट झालं. २००६ पासून तिथले आदिवासी रेंजर कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच छोट्या आगी लावतात आणि नंतरचे मोठे वणवे कमी करतात.

म्हणून उद्यापासून रान पेटवा, असं मी म्हणत नाही. (कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो.) आज घाणेरी इतकी माजलीय की उभी पेटवली तर जाळ शेंड्यापर्यंत जाईल. आधी ती उपटावी लागेल. पण कुठे, केव्हा, किती, हे ठरवणार कोण? २०११ मध्ये सोलिगांना सामूहिक वनहक्क मिळाले, व्याघ्र प्रकल्पात देशात प्रथमच. आग लावायची मुभा मात्र त्यात नाही.

आणि गंमत बघा, वनखातं स्वतः जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, काढतंच की! म्हणजे आगीने आग अडवणं खात्याला मान्य आहे, फक्त काडी खात्याची हवी. मग ती कुठल्या आठवड्यात, कुठल्या वाऱ्यात ओढायची, हे विचारायला ग्रामसभेतल्या जाणत्यांना एकदा बोलवायला काय हरकत आहे?