आयडलिंगला टायमिंगचा आकडा हलतो, म्हणून क्रँक सेन्सर बदलू नका

पेट्रोल गाड्यांच्या दुरुस्तीविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचा गाभा असा : स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) जोडा, इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवा आणि इग्निशन टायमिंगचा, म्हणजे ठिणगीच्या वेळेचा, आकडा पाहा, तो १० अंशांवर स्थिर असला पाहिजे, हलत असेल तर क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टची स्थिती टिपणारा सेन्सर) गेला आहे, तो बदला, त्यानंतरही हलत राहिला तर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गेला आहे. पुढे घरच्या घरी करायच्या ‘खात्रीशीर’ चाचण्या दिल्या आहेत. चालू इंजिनावरून एकेक कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणारी) उपसून पाहा, एकेका सेन्सरचे कनेक्टर काढून पाहा, थ्रॉटलचा स्क्रू फिरवून आकडा स्थिर करा, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरा, आणि शेवटी बॅटरी काढून सगळे ‘रीसेट’ करा. माझ्या आतेभावाने हा संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, “सेन्सर मागवला आहे, नाही भागले तर ईसीयू बघू.” गाडीला त्रास काय आहे, असे विचारल्यावर कळले की त्रास काहीच नाही. इंजिन मऊ चालते, बंद पडत नाही, इशारादिवा लागलेला नाही. फक्त स्कॅनरवरचा आकडा ७ आणि १३ यांच्या मध्ये ये-जा करतो. निरोगी इंजिनाला आजारी ठरवणाऱ्या या सल्ल्याचा समाचार म्हणूनच जरा सविस्तर घ्यावा लागतो आहे.

सर्वांत आधी, तो आकडा म्हणजे काय हे पाहू; संदेश लिहिणाऱ्याने ते पाहिलेले नाही. स्कॅनर आणि गाडी यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे एसएई जे१९७९ या मानकात ठरवून दिले आहे. त्यात टायमिंगच्या आकड्याची व्याख्या आहे ती पहिल्या सिलेंडरसाठीच्या स्पार्क ॲडव्हान्सची (ठिणगी किती लवकर पाडायची त्याची), वरच्या मृतबिंदूच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या क्षणाच्या, संदर्भात अंशांमध्ये, आणि यांत्रिक ॲडव्हान्स त्यात धरलेला नाही असे तिथेच म्हटले आहे. ईसीयू त्यासाठी एकच बाइट पाठवतो. त्या संख्येला २ ने भागून ६४ वजा केले की अंश मिळतात. याचा सरळ अर्थ असा की ठिणगी प्रत्यक्षात कधी पडली याचे हे मोजमाप नव्हे. ठिणगी कधी पाडायची याविषयी ईसीयूने दिलेला तो हुकूम आहे. हुकूम बदलतो आहे एवढेच स्कॅनर सांगतो, आणि मग विचारायचा प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे ईसीयू हुकूम का बदलतो आहे.

उत्तर बहुतेक वेळा अगदी साधे असते : आयडलिंगचा वेग धरून ठेवण्यासाठी. ७५० आरपीएमला क्रँकशाफ्टची एक फेरी ८० मिलिसेकंदांत होते आणि चार सिलेंडरच्या फोरस्ट्रोक इंजिनात दर ४० मिलिसेकंदांनी एक ठिणगी पडते. अशा वेळी हेडलाइट लागला, रेडिएटरचा पंखा सुरू झाला किंवा एसीचा काँप्रेसर जोडला गेला की इंजिनावर ओझे येते आणि वेग खाली येऊ लागतो. थ्रॉटल किंचित उघडून जास्त हवा देता येते, पण ती हवा आधी इनटेक मॅनिफोल्डमध्ये भरायची, मग सिलेंडरमध्ये शिरायची, मग दाबली जायची. तिची ताकद क्रँकपर्यंत पोहोचेतो एकाहून अधिक फेऱ्या उलटतात. ठिणगीचे तसे नाही. टायमिंग बदलले की पुढच्याच ठिणगीला परिणाम दिसतो. म्हणून ईसीयू आयडलिंगला टायमिंग मुद्दाम सर्वाधिक ताकदीच्या बिंदूपेक्षा मागे, म्हणजे उशिरा, ठेवतो, म्हणजे वेग पडला की ते पुढे घेऊन ताकद वाढवता येते आणि वेग चढला की आणखी मागे घेऊन कमी करता येते. दोरावरून चालणाऱ्या कसरतपटूच्या हातातली काठी सतत हलते. तिला दोरीने घट्ट बांधून टाकण्याचा सल्ला द्यावा, तसा हा ‘आकडा स्थिर करा’चा उपदेश आहे.

मग १० अंश आले कुठून? इथे एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करावे लागते. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना आळीपाळीने वीज वाटणारा फिरता भाग) असलेल्या जुन्या इंजिनांत बेस टायमिंग खरोखरच एका ठरलेल्या आकड्यावर लावले जात असे, आणि टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) पुलीवरची खूण इकडेतिकडे भटकू लागली तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टची झीज, अडकलेली ॲडव्हान्सची वजने किंवा सैल पडलेली चेन असे खरे दोष निघत. टोयोटाच्या कित्येक इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आजही आयडलिंगला ८ ते १२ अंश ही मर्यादा सापडते. मात्र ती तपासण्याआधी डायग्नोस्टिक कनेक्टरमधील टीसी आणि सीजी ही टर्मिनल जोडायला सांगितलेले असते. जोडली की ईसीयू स्वतःची दुरुस्ती थांबवतो आणि टायमिंग ठरलेल्या जागी धरून ठेवतो. टायमिंग एरवीही स्थिरच राहत असते तर ती टर्मिनल जोडायला सांगण्याचे कारणच उरले नसते. संदेश लिहिणाऱ्याने आकडा उचलला आणि तो ज्या अटीवर खरा आहे ती अट मागेच सोडली.

आता क्रँक सेन्सर. संदेशातला हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत उलटा मुद्दा आहे. बऱ्याच इंजिनांत क्रँकवर ६० दातांच्या जागा असलेले चाक असते, त्यातील २ दात मुद्दाम गाळलेले असतात, आणि त्या मोकळ्या जागेवरून ईसीयूला क्रँकची स्थिती कळते. ७५० आरपीएमला सेन्सरसमोरून साधारण दर १.३ मिलिसेकंदांनी एक दात जातो. सेन्सर मधूनच मुका झाला तर ईसीयूला नसलेल्या ठिकाणी मोकळी जागा दिसते, त्याचा हिशेब तुटतो आणि तो ठिणगी व इंधन दोन्ही थांबवू शकतो. तेव्हा स्कॅनरवर आरपीएम अचानक शून्यावर येते किंवा अशक्य उड्या मारते, इंजिन गचके खाते, तापल्यावर बंद पडते, आणि पी०३३५ किंवा पी०३३६ यांसारखा बिघाडाचा कोड नोंदला जाण्याची शक्यता असते. यातले काहीही नसताना केवळ टायमिंग ६ अंशांत खेळते म्हणून सेन्सर बदलणे म्हणजे पैसे ओतून टाकणे आहे.

याहून विनोदी भाग पुढे आहे. समजा, चाकाचा दात खरोखरच वाकला आहे किंवा सेन्सरचे अंतर बिघडल्यामुळे सिग्नलची वेळ चुकते आहे. अशा वेळी ईसीयूचा समज असतो की क्रँक अमुक ठिकाणी आहे, तो त्या समजुतीनुसार १० अंशांचा हुकूम देतो, आणि स्कॅनरवर १० असेच उमटते. ठिणगी मात्र भलत्याच जागी पडते. म्हणजे संदेशात सांगितलेला दोष प्रत्यक्षात असला, तर संदेशात सांगितलेल्या पद्धतीने तो सापडेलच असे नाही. त्यासाठी टायमिंग टेस्ट मोडमध्ये धरून ठेवावे लागते आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण पाहावी लागते. हुकूम स्थिर असून खूण भटकत असेल तर मग सेन्सर, चाक, वायरिंग यांच्याकडे वळायचे, आणि तेही ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) क्रँक, कॅम आणि कॉइलचा ट्रिगर एकत्र पाहून.

साध्या ब्लूटूथ स्कॅनरकडून सेकंदाला मोजकीच वाचने मिळतात, आणि पडद्यावर वीस आकडे उघडले की प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी येतात. उलट ठिणग्या सेकंदाला २५ पडत असतात. त्यामुळे स्कॅनरवरची उडी पाहून ‘हीच ती चुकलेली ठिणगी’ असे म्हणता येत नाही. तरीही त्यातून पुष्कळ काही कळते. इंजिन पूर्ण तापवावे, एसी बंद ठेवावा आणि आरपीएम, टायमिंग, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात क्षणोक्षणी करतो ती दुरुस्ती) आणि मॅप (मॅनिफोल्डमधला दाब) किंवा एमएएफ (आत येणाऱ्या हवेचे मोजमाप) एवढीच वाचने घेऊन काही मिनिटांची नोंद करावी. आरपीएम खाली गेली की टायमिंग पुढे आणि वर गेली की मागे, अशी ये-जा दिसली आणि वेग सांभाळला जात असला, तर नियंत्रण आपले काम करते आहे. दोन्ही आकडे मोठ्या लाटेसारखे हळूहळू वरखाली होत असतील तर दोष बहुधा हवेच्या बाजूला असतो. टायमिंग सतत मागे खेचलेले आणि आरपीएम तरीही चढलेली असेल तर कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे. एमएएफ असलेल्या इंजिनात ही हवा मोजली जात नाही, म्हणून आयडलिंगला ट्रिम अधिक (+) बाजूला झुकतो आणि २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरली की बराचसा सुधारतो. मॅपवर चालणाऱ्या इंजिनात मात्र ती हवा दाबाच्या रूपाने मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारसा न हलता वेगच चढतो. याउलट टायमिंग सतत पुढे ताणलेले असेल तर थ्रॉटल बॉडीवर काजळी साचून हवा कमी पडते आहे का, ते पाहावे. छोटे, अनियमित झटके आणि सोबत पी०३००च्या मालिकेतला कोड असेल तर प्लग, कॉइल आणि इंजेक्टर यांच्याकडे जावे. सिस्टीम व्होल्टेज डळमळत असेल तर अल्टरनेटर आणि अर्थिंग आधी तपासावे, कारण त्यांच्या गोंगाटाने सेन्सरचे सिग्नलही बिघडतात. या सगळ्या वाटांत ‘ईसीयू गेला’ हे निदान अगदी शेवटी येते, आणि बहुतेकदा तिथवर जायची वेळ येत नाही.

कॉइल उपसण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र सौम्य शब्द वापरणे योग्य होणार नाही. चालू इंजिनावर प्लगवरून कॉइल काढली की कित्येक हजार व्होल्टना जायला वाट उरत नाही. ते कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडतात किंवा जवळच्या धातूवर उडी घेतात, आणि ती वाट तुमच्या हातातूनही जाऊ शकते. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांच्यासाठी हा खेळ जिवावरचा आहे. शिवाय ठिणगी बंद झाली तरी त्या सिलेंडरला पेट्रोल मिळतच राहू शकते. ते न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तिथे पेटते आणि त्याची जाळी वितळवू शकते. मिसफायर कन्व्हर्टरला घातक ठरण्याइतका झाला की इशारादिवा लुकलुकू लागतो, तो याचसाठी. एकेक सिलेंडर बंद करून वेगातला फरक पाहणे ही जुनी आणि तत्त्वतः योग्य चाचणी आहे, हे खरे. पण ती करायची तर इंजेक्टर बंद करून, शक्य असल्यास स्कॅनरच्या ॲक्टिव्ह टेस्टमधून, करावी, आणि पाहायची ती आरपीएम. संदेश म्हणतो, टायमिंगचा आकडा ज्या सिलेंडरला हलत नाही तो दोषी. एक सिलेंडर गेला की वेग सावरण्यासाठी ईसीयू टायमिंग आणि हवा दोन्ही हलवतो, त्यामुळे त्या आकड्यावरून केलेली निवड भरवशाची नसते.

सेन्सरचे कनेक्टर काढून पाहण्यातही थोडेसे तथ्य आहे, पण सांगितले आहे तेवढे नाही. एमएएफ काढल्यावर ईसीयू पर्यायी हिशेबाने चालतो, आणि त्यात सुधारणा दिसली तर एमएएफवर संशय घ्यायला जागा मिळते. पण कुठून तरी जास्तीची हवा शिरत असेल तरीही तसाच फरक दिसू शकतो. कूलंट तापमानाचा सेन्सर काढला तर सर्किट उघडे पडून ईसीयूकडे उणे ४० अंश सेल्सिअसच्या जवळचे वाचन जाते, तो ते अविश्वसनीय ठरवून स्वतःचा आकडा धरतो आणि अनेक गाड्यांत पंखा सुरू करतो. या सगळ्यात नवे कोड साठत जातात आणि मूळ कोड कोणता होता हे ओळखणे अवघड होते.

थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कारखान्यात लावलेला असतो. तो फिरवला की थ्रॉटल पूर्ण मिटल्याची नोंद बिघडते, ईसीयू आयडलिंगच्या नियंत्रणात शिरतच नाही, आणि मग आकडा खरोखर स्थिर दिसू शकतो, कारण नियंत्रणच बंद पडलेले असते. ऑक्टेनचा मुद्दा तर सोडूनच द्यावा : आयडलिंगला सिलेंडरमधला दाब इतका कमी असतो की नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोकठोकीचा) प्रश्न उद्भवत नाही, त्यामुळे जास्त ऑक्टेनला तिथे करण्यासारखे काही नसते.

बॅटरी काढून ‘रीसेट’ केल्यावर पहिले काही किलोमीटर गाडी बरी वाटते, असे अनेक जण सांगतात. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडलिंग नव्याने शिकवण्याची गरज काही गाड्यांत खरोखर असते. पण त्यासाठी त्या गाडीच्या मॅन्युअलमधली पद्धत वापरावी. नुसती बॅटरी काढली तर शिकलेली सुधारणा आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाडाच्या क्षणी नोंदलेली आरपीएम, तापमान, लोड आणि ट्रिम, एकाच वेळी पुसली जाण्याची शक्यता असते. तेव्हा बॅटरीला हात लावण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम उतरवून घ्यावी.