फुटलेली काच जोडून पाठवावी
(एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

‘तक्रारदारांसाठी सूचना’ या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक निवृत्त कारकून’ अशी सही करून लांबलचक लिहिलंत. उत्तराला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी राग आला होता. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की रागवायचा हक्क तुमचा आहे. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: तक्रार कशी करावी याबद्दल एका काल्पनिक कार्यालयाने काढलेलं अकरा कलमी परिपत्रक, असं त्याचं सोंग होतं. तुमचे आक्षेप तीन. बोलायचं ते सरळ बोला, ‘लेकी बोले सुने लागे’ हा भित्र्यांचा मार्ग. अशा लिखाणाने काही बदलत नाही, लोक हसतात आणि पुढे जातात. आणि सहाव्या कलमात मी ज्याला हसलो, त्याच्या हातात मुळात काहीच नसतं.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

सहावं कलम असं होतं: ‘खिडकीतील कर्मचारी झोपेत असल्यास त्यास उठवू नये, ती त्याची कार्यालयीन वेळ आहे.’ हा विनोद माझ्या जन्माआधीपासून फिरतोय, मी आयता उचलला. सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळाला, आणि तीच त्याची खोट. वाचकाला आधीच जे वाटत होतं ते मी त्याच्याच हातात परत ठेवलं. चौथं कलम बघा: ‘अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार त्याच अधिकाऱ्याकडे सादर करण्यात यावी, जेणेकरून गोपनीयता राखली जाईल.’ त्यावर कोणी खो खो हसलं नाही, पण चौघांनी खाली लिहिलं की आमच्या बाबतीत हे खरंच घडलंय.

तुमची प्रतिक्रिया वाचून लेख पुन्हा उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, ती लिहिताना माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या परिपत्रकात कर्ता कुठेच नाही. ‘कळविण्यात येते’, ‘निदर्शनास आले आहे’, ‘उचित कार्यवाही करण्यात येईल’. कोण कळवतं? कोणाच्या निदर्शनास आलं? करणार कोण? ही भाषा मी घडवलेली नाही, होती तशी उचलली, आणि लेखात काही टीका असेलच तर ती या क्रियापदांत आहे. नेमक्या सहाव्या कलमात मात्र मला अचानक माणूस सापडला. अख्ख्या इमारतीत झोप येणारा, चेहरा असणारा एकच जण, आणि तो तळमजल्यावरच्या खिडकीत. वरच्या मजल्यांवर सगळं ‘येते’ आणि ‘येईल’. उपहास घसरतो तो असा. जो समोर दिसतो त्याला टोला बसतो, आणि ज्याने स्वतःला वाक्यातून वगळून घेतलंय तो सुटतो. ते कलम काढलं आहे.

आता ‘सरळ बोला’. इथे मी भांडणार.

आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने सरळ बोलून पाहिलं होतं. १७२० मध्ये त्याने एक पत्रक लिहिलं: आयरिश लोकांनी आपल्याच देशात बनलेला माल वापरावा. छापणाऱ्यावर खटला भरला गेला, परिस्थिती होती तिथेच राहिली. १७२९ मध्ये त्याने ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ काढलं. गरिबी हटवण्याचा एक नम्र प्रस्ताव: गरिबांची मुलं वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत. प्रस्ताव भयंकर आहेच, पण अंगावर काटा आणतो तो हिशेब. गरिबांच्या घरी दरवर्षी जन्मणारी मुलं १,२०,०००. त्यातली २०,००० पैदाशीसाठी राखायची, उरलेली १,००,००० विक्रीला. मित्रमंडळी जेवायला असतील तर एका मुलात दोन पदार्थ होतात. लिहिणारा कुठेही आवाज चढवत नाही. तो अभ्यासू आहे, लोकांचं भलं चिंतणारा आहे. शेवटी तर तो खुलासाही करतो की यात माझा काडीचा स्वार्थ नाही, माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आहे आणि बायकोचं मूल होण्याचं वय उलटून गेलंय.

मध्येच एका जागी तो म्हणतो, दुसरे उपाय मला सांगू नका. आणि मग ते उपाय एकामागून एक मोजून दाखवतो: देशाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, देशातलंच कापड वापरा, कुळांवर थोडी तरी दया करा. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी सरळ सांगितलेली गोष्ट इथे नाकारलेल्या उपायांच्या यादीत येऊन बसली आहे. ‘हे चूक आहे’ असं वाक्य त्या लेखात नाही. बेरीज बरोबर येते, भाषा सभ्य आहे, कुठेच काही अडत नाही. त्यामुळे ‘नाही’ हा शब्द वाचकालाच म्हणावा लागतो. मी सरळ लिहिलं असतं तर ‘नाही’ मी म्हटलं असतं आणि वाचकाने मान डोलावली असती.

या पद्धतीत धोका आहे, तो लपवत नाही. १७०२ मध्ये इंग्रज लेखक डॅनियल डिफोने इंग्लंडच्या चर्चमधल्या कट्टरांच्या आवाजात लिहिलं की वेगळ्या पंथाच्या लोकांचा कायमचा बंदोबस्त करून टाका. तो स्वतः त्याच वेगळ्या पंथीयांपैकी. काही कट्टरांना ते मनापासून पटलं! सोंग उघडं पडल्यावर दंड झाला, तुरुंग झाला, आणि १७०३ मध्ये तीन दिवस लाकडी चौकटीत मान-हात अडकवून त्याला चव्हाट्यावर उभं केलं गेलं. (पत्रक निनावी होतं, हे तुमच्या बाजूने मान्य. पण याला भित्रा म्हणणं जरा जड जातं.) आजही तेच होतं. स्टीव्हन कोल्बेअर हा अमेरिकी विनोदकार टीव्हीवर कट्टर उजव्या निवेदकाचं सोंग घ्यायचा. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की तो दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना सारखाच विनोदी वाटत होता. फक्त पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल असा होता की हा विनोदाचं नुसतं नाटक करतोय, मनातून हेच मानतो.

राहिलं ‘काही बदलत नाही’. खरं आहे. स्विफ्टच्या लेखाने आयर्लंडची गरिबी गेली नाही, १८४५ पासून तर तिथे भीषण दुष्काळ पडला. माझ्या अकरा कलमांनी एखादी खिडकी पाच मिनिटं आधी उघडेल अशी माझीही समजूत नाही. पण हा निकष लावायचा तर सरळ लिहिलेल्या अग्रलेखांनाही लावू या.

एक विनंती आहे. तुमच्या प्रतिक्रियेत मधेच, रागाच्या भरात, एक वाक्य आलंय: खिडकीची काच फुटली, ती बदलून मिळावी म्हणून तुम्ही चौदा महिने अर्ज करत होता, आणि शेवटी वरून उत्तर आलं की ‘पुरावा म्हणून फुटलेली काच अर्जास जोडून पाठवावी.’ तुम्ही हसवायला लिहिलेलं नाही, हे कळतं. पण ‘जोडून’ या शब्दावर मी तसाच थांबलो. माझ्या अकरा कलमांत या तोडीचं एकही नाही, आणि यातही कर्ता नाही.

सहाव्या कलमाची जागा रिकामी आहे. तुमची हरकत नसेल तर हे वाक्य तिथे घालतो, एकही शब्द न बदलता. खाली नाव हवं असेल तर तसं कळवा, नाहीतर ‘एक निवृत्त कारकून’ असंच ठेवतो.