मैदानाच्या दिवशी रक्त काढून काय मिळणार?

आमच्या गावच्या जत्रा कमिटीच्या ग्रुपवर एकानं टाकलंय, "यंदा पहिल्या पाच जोडीच्या पैलवानांची मैदानातच डोप टेस्ट करायची." धडाधड अंगठे पडले. मी दिला नाही, तर रात्री फोन आला, "काय गा, तुझा भाचा बी घ्यालाय काय?"

घेत नाही. पण बेळगावात त्याच्या खोलीवर गेलो होतो, तेव्हा फ्रिजच्या दारात ताकाच्या पिशवीला टेकून बोटाच्या पेराएवढ्या दोन बाटल्या दिसल्या. तळाला पांढरी पावडर, शेजारी इन्सुलिनच्या सुया. मला वाटलं कुणाला तरी शुगर आहे. भाचा म्हणाला, "मामा, ते रूममेटचं ग्रोथ हार्मोन, अंग भरायला घेतोय. जिमचा हाय तो, तालमीतला न्हवं." आणि बदाम सोलत बसला.

तेव्हापासून मी याबद्दल वाचतोय. हे लघवीत धरता येत नाही, रक्तच लागतं. शिवाय हे हार्मोन आपल्या मेंदूखालची ग्रंथीही सोडतेच, पण लहानमोठ्या आकाराच्या रेणूंत. इंजेक्शनात एकाच आकाराचे. ते प्रमाण बिघडलेलं दिसलं की पैलवान सापडला. पण एक-दोन दिवसांत सगळं पुन्हा जाग्यावर! ही तपासणी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून सुरू झाली, आणि पहिला माणूस सापडला तो थेट २०१० मध्ये, इंग्लंडचा रग्बी खेळाडू टेरी न्यूटन. तोही सामन्यात नव्हे, आदल्या नोव्हेंबरात सरावाच्या वेळी अचानक घेतलेल्या रक्तावरून. पुढं २०१२ ला लंडनमध्ये दुसरी पद्धत आली. हार्मोनमुळं रक्तात जे वाढतं, ते आयजीएफ-१ वगैरे मोजायचं. ते जास्त दिवस टिकतं. तिच्यात पॅरालिम्पिकचे दोन रशियन पॉवरलिफ्टर घावले.

म्हणजे तारीख पत्रिकेत छापून तपासणी केली, तर सापडणार फक्त येडा. आणि ते रक्त गार ठेवून दिल्लीच्या लॅबला धाडायचं कुणी? आमच्या मैदानात आइस्क्रीमवाला सोडला तर कुणाकडं बर्फ नसतो.

करायचंच असेल तर चार महिने आधी, न सांगता, तालमीत जाऊन करा. खर्च झेपत नसेल तर निदान जोड लावताना मोबाईलवर छातीचे फोटो बघणं तरी बंद करा. गेल्या साली भाच्याची जोड मोडली ती कमिटीनंच. "डाव चांगलं हाईत, पण अंगानं बारीक दिसालाय. पब्लिक उठून जाईल."

हे म्हणणारा आणि ग्रुपवर डोप टेस्ट मागणारा, दोघं एकच.