खुलासा : थॉमस पेन, ‘पेनसिल्व्हेनिया मॅगझिन’ आणि दोन लेख

थॉमस पेन हा अठराव्या शतकातला इंग्रज-अमेरिकी राजकीय लेखक. ‘थॉमस पेनने १७७५ मध्ये आपल्या पेनसिल्व्हेनिया मॅगझिनमधून गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लेख लिहिले’ असा मजकूर फिरतो आहे. महात्मा फुल्यांनी पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ (माणसाचे हक्क) हे पुस्तक वाचले होते, त्यामुळे आपल्याकडे तो चटकन पटतो. पण त्यात गफलत आहे.

अमेरिकेतले हे मासिक पेनचे नव्हतेच. मालक-मुद्रक रॉबर्ट एटकेन. पेन पगारी संपादक.

गुलामगिरीवरचा लेख ८ मार्च १७७५ ला आला तो ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’ या साप्ताहिकात. खाली सही ‘जस्टिस अँड ह्युमॅनिटी’ एवढीच. तो पेनचाच, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

स्त्रियांवरचा लेख मात्र याच मासिकात, ऑगस्ट १७७५ च्या अंकात आहे. पण तो पेनचा नाही. आंत्वान लेओनार थोमा या फ्रेंच लेखकाच्या १७७२ च्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर झाले होते, त्यातून तो उचललेला आहे. छापायचा निर्णय संपादक म्हणून पेनचा असू शकतो. शब्द त्याचे नाहीत.

घोटाळ्याचे मूळ तेव्हाच्या रिवाजात आहे. लेख निनावी किंवा टोपणनावाने येत, आणि युरोपातला मजकूर मूळ लेखकाचे नाव न देता बिनदिक्कत छापला जाई. पुढे १८९४ पासून निघालेल्या पेनच्या संकलित लेखनात हे दोन्ही लेख घातले गेले, आणि आज बहुतेक जण तिथूनच उतरवतात. मूळ अंकातली सही कोण बघतो!